बोट नको, पाणी द्या

प्रति,
मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी व जिल्हा नियोजन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
सातारा आणि सांगली

स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगतो. काठावर बसून चालवायच्या, आत माणूस नसलेल्या गस्ती बोटी आपल्या दोन जिल्ह्यांत तयार व्हाव्यात असे वाटत असेल, तर त्यांच्या चाचण्यांसाठी एखाद्या जलाशयाचा एक कोपरा आणि कृष्णेच्या पात्राचा एक टप्पा कायमचा नेमून द्या. निधी नको, इमारत नको, कोनशिला तर नकोच. आणि कोणी विक्रेता गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन अशी तयार बोट खपवायला आलाच, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मी नौदलात इलेक्ट्रिकल आर्टिफिसर होतो. जहाजावरची वीज, तारा, पडदे, सुकाणूची मोटर हे माझे खाते. निवृत्तीनंतर कराड तालुक्यात ऊस आणि थोडे सोयाबीन करतो. पुतण्या इंजिनिअर आहे. त्याच्या आणि त्याच्या कॉलेजमधल्या पोरांच्या नादाने सोल्डरिंगचा वास पुन्हा घरात शिरला आहे. घरच्यांना तो आवडत नाही, पण ते वेगळे.

पुण्याजवळच्या भामा आसखेड धरणात काही वर्षांपूर्वी डीआरडीओने दूरवरून चालणाऱ्या, शस्त्र बसवलेल्या मानवरहित बोटींच्या चाचण्या घेतल्या. तेव्हा आमच्या पारावर एकाने विचारले होते, "बोट नौदलाची, मग धरणात कशाला?" प्रश्न रास्त आहे. नवी बोट एकदम समुद्रात कोणी सोडत नाही. धरणाचे पाणी चारी बाजूंनी बांधलेले असते, काठ दिसतो, बोट बिथरली तर मागे जाऊन धरता येते, बुडाली तर गळ टाकून काढता येते. खेड तालुक्यात हे जमते तर धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणे उशाशी असलेल्या मुलखात का जमू नये? पाणी आहे, पोरे आहेत, कारखाने आहेत. कागद तेवढा नाही.

आता कोणी म्हणेल, समुद्राशी सातारा-सांगलीचे देणेघेणे काय? अजिंक्यताऱ्यावरून समुद्र दिसत नाही हे खरे. पण १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि त्यांची सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कायम झाली, ती याच गादीकडून. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली आणि तिथली मुले लष्कराबरोबर नौदलातही जातात. हा इतिहास सभेत सांगून टाळ्या मिळतात, म्हणून तो इथेच सोडतो. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मात्र सोडता येत नाही. दहा जण समुद्रातून आले. वाटेत 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावली, शेवटचे अंतर रबरी होडीने कापले आणि मुंबईत उतरले. त्यांतल्या एकाला गिरगाव चौपाटीजवळ रायफलची नळी धरून ज्यांनी जिवंत पकडून दिले, ते सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. समुद्रावर जी नजर चुकली, तिची किंमत डोंगरातल्या एका घराने मोजली. त्यामुळे समुद्रावरची गस्त हा कोकणाचा प्रश्न आहे, असे निदान जावळीत तरी कोणी म्हणू नये.

त्या हल्ल्यानंतर बरेच बदलले. किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, २००९ मध्ये नौदलाचे सागर प्रहरी बल हे गस्तीचे दल उभे राहिले, किनाऱ्यावर रडारची साखळी आली, वीस मीटरपेक्षा लांब बोटींना आपली ओळख आणि जागा सांगणारे एआयएस यंत्र सक्तीचे झाले. अडचण उरली ती लहान बोटींची. वीस मीटरच्या आतल्या हजारो होड्या रात्री समुद्रावर असतात, आणि 'कुबेर'वरून आलेली ती रबरी होडी तर कुठल्याच यादीत बसली नसती.

गस्त म्हणजे पाठलाग, अशी बहुतेकांची समजूत असते. पाठलाग कधीतरी येतो. एरवी गस्त म्हणजे बघत राहणे. रात्री बारा ते चारच्या पाळीत पडद्यावर ठिपके उमटत असतात. त्यांतले बहुतेक मासेमारीचे, काही लाटांचेच, एखादा कसला ते कळत नाही. तीननंतर डोळे उघडे असतात, पण बघणे थांबलेले असते. ज्याने ती पाळी केली आहे तो हे कबूल करील, फक्त वरिष्ठांसमोर नाही. वेगवान छोट्या बोटीवर तर आणखी वाईट. लाटेवरून बोट आपटते तेव्हा तो दणका थेट कमरेत बसतो. काही तासांनी माणूस बोटीवर असतो, कामाचा राहत नाही. या कंटाळ्यासाठी आणि या दणक्यांसाठी मानवरहित बोट हवी. तिला झोप येत नाही, कंबर नाही, आणि तिला गोळी लागली तर कोणाच्या घरी तार जात नाही.

तिची रचना समजायला अवघड नाही. काठावर किंवा मोठ्या जहाजावर एक टेबल, त्यापुढे पडदे आणि चालवणारा माणूस. बोटीवर कॅमेरे, रात्री उष्णता टिपणारा कॅमेरा, रडार, जीपीएस, इंजिन किंवा बॅटरी. दोहोंच्या मध्ये रेडिओचा दुवा. साध्या बोटीत सुकाणूची प्रत्येक हालचाल काठावरून होते. त्याच्या पुढची बोट दिलेल्या बिंदूंवरून आपणहून जाते आणि माणूस फक्त लक्ष ठेवतो. त्याहून पुढची बोट समोर आलेले जहाज ओळखून स्वतःच वळण घेते. या शेवटच्या जातीत आपला देश मागे नाही. महाराष्ट्रातल्याच सागर डिफेन्स इंजिनिअरिंग या कंपनीने बनवलेली 'मातंगी' ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनच्या प्रवासाला निघाली. पल्ला सुमारे १५०० किलोमीटरचा. ज्यांनी हे केले ते तुमच्या-आमच्यासारख्या घरांतले तरुण आहेत, आणि त्यांनाही सुरुवातीला कुठेतरी पाणी लागलेच असणार.

जगात काय चालले आहे तेही दोन ओळींत सांगितले पाहिजे, कारण बोटी फक्त आपण बनवणार नाही. युक्रेनकडे मोठे नौदल उरलेले नसताना त्याने माणूस नसलेल्या, स्फोटके भरलेल्या बोटींनी रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याला जेरीस आणले. १ फेब्रुवारी २०२४ ला 'इव्हानोव्हेत्स' ही क्षेपणास्त्र नौका अशाच 'मागुरा' बोटींनी बुडवली, पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोन जहाजे गेली. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुती बंडखोरांनी जानेवारी २०१७ मध्येच सौदी युद्धनौकेवर स्फोटकांची बोट दूरवरून नेऊन आदळली होती. जून २०२४ मध्ये 'ट्यूटर' हे मालवाहू जहाज त्यांच्या तशाच बोटीने फोडले आणि ते बुडाले. तेव्हा आपल्या बंदरांच्या तोंडाशी उद्या पहारा द्यायचा तो अशा बोटींविरुद्धही द्यायचा आहे. पाण्याला लागून चालणारी, लहान, फायबरची वस्तू लाटांत रडारला नीट दिसत नाही. तिला ओळखायला शिकायचे तर समोर तशीच बोट सोडून सराव करावा लागतो. म्हणजे पुन्हा पाणी आले.

आणि माणूस नाही याचा एक तोटाही आहे, तो विक्रेते सांगत नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये आखातात अमेरिकेची 'सेलड्रोन' ही शिडाची मानवरहित बोट टेहळणी करत होती. इराणच्या एका जहाजाने तिला सरळ दोर लावला आणि ओढत नेऊ लागले. अमेरिकी युद्धनौका आणि हेलिकॉप्टर आल्यावर सोडून दिले. ज्या बोटीत माणूस आहे तिला दोर लावताना समोरचा दहा वेळा विचार करतो. रिकाम्या बोटीच्या बाबतीत तो विचारच करत नाही.

आता आमच्या पोरांच्या बोटीची हकीकत. फायबरची, माणसाच्या उंचीपेक्षा थोडी लांब, दोन विजेच्या मोटरी, लिथियम बॅटरी, वर काठीला लावलेला कॅमेरा. पहिल्या चाचण्या आमच्या शेततळ्यात झाल्या. शेततळ्यात सगळे चालते. तिथे लाट नाही, प्रवाह नाही, अंतर नाही, संपर्क तुटत नाही. बोट गोल गोल फिरली, पोरांनी व्हिडिओ काढले, घरच्यांनी कौतुक केले. त्यातून सिद्ध काही झाले नाही.

मग हिवाळ्यात कराडच्या खाली कृष्णेत उतरवली. ओळखीचा एक मच्छीमार आपली होडी घेऊन बरोबर होता. रेडिओची एक लहर सरळ येते आणि एक पाण्यावर आपटून येते. काही अंतरावर दोन्ही एकमेकींना खोडतात आणि संदेश विरतो, थोडे पुढे गेले की परत येतो. पुस्तकात हे चार ओळींत असते. नदीवर ते असे दिसते: काठावरचा पडदा काळा झाला, पोराने घाबरून सगळी बटणे दाबली, आणि तोवर बोटीने आपला निर्णय घेतलेला होता. संपर्क तुटला तर जिथून निघालीस तिथे परत ये, अशी आज्ञा तिच्यात भरलेली होती. ती वळली आणि जीपीएसच्या सरळ रेषेत घराकडे निघाली. मध्ये नदीला वळण आहे हे तिच्या रेषेत नव्हते. रात्री गाडीवान झोपला तरी बैल रस्त्याच्या वळणाने घरी येतात. आमची बोट समोरच्या काठच्या मळीच्या जमिनीवर चढली, उसाच्या फडापाशी जाऊन थांबली आणि चिखलात पंखे फिरवत राहिली.

पंख्यांत पाचट होते, त्याहून जास्त तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, होता. वाटेत कुणाचे तरी जाळे कापून ती गेली होती. मच्छीमार विळ्याने तो गुंता काढता काढता म्हणाला, "जाळ्यावर थर्माकोलचं तुकडं तरंगत हुतं की वो. तुमच्या कॅमेऱ्याला दिसलं न्हाईत व्हय?" दिसले नव्हते. दुपारचे ऊन पाण्यावर चकाकत होते आणि चकाकीत पांढरा तुकडा कुठला, हे कॅमेऱ्याला कळत नव्हते. जाळ्याचे पैसे पोरांनी वर्गणी काढून दिले.

ही गंमत म्हणून सांगत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशीच जाळी असतात, फक्त कित्येक पटींनी लांब, आणि त्यांवरही तरंगते तुकडेच असतात. ज्या गस्ती बोटीच्या पंख्यात रात्री दोन वाजता तंगूस अडकतो, ती बोट सकाळपर्यंत वाहत जाणारे भंगार असते. माणूस असता तर त्याने विळा काढला असता. 'घरी परत ये' ही आज्ञा खुल्या समुद्रात चालते, खाडीत आणि नदीत चालत नाही. 'जागीच थांब' म्हणावे तर प्रवाह तिला बंधाऱ्याकडे नेतो. मग नदीचा नकाशा बोटीत भरावा लागतो, पाणी उतरले की कुठे खडक वर येतो तेही भरावे लागते. हे सगळे एका दुपारी कळले. शेततळ्यात ते कधीच कळले नसते, आणि समुद्रात कळले असते तेव्हा बोट हरवली असती.

हे पाहून आम्ही रीतसर परवानगी काढायला निघालो, आणि खरी अडचण तिथे आली. एका कार्यालयाने सांगितले, जलाशय आमचा पण बोट पोलिसांचा विषय. दुसरीकडे सांगितले, पोलिसांचा नाही, पाण्यावरचा हक्क मासेमारी संस्थेचा. तिसरीकडच्या साहेबांनी अर्ज नीट वाचला, कौतुक केले आणि विचारले, "यात माणूस नाही, मग परवाना कोणाच्या नावाने काढायचा?" त्यांची चूक नव्हती. छापील अर्जात चालकाच्या नावाचा रकाना होता, बोट ज्याच्या हातात आहे तो काठावर बसलेला असेल अशी जागा नव्हती. शेवटी अर्ज कुठल्या टेबलावर राहिला ते आम्हालाही सांगता येणार नाही. पोरे पास होऊन नोकरीला गेली. त्यांतला एक आता कोथिंबिरीच्या घाऊक व्यापाराचे ॲप बनवतो. वाईट नाही. पण त्याला नदीतल्या लहरी कळायला लागल्या होत्या.

म्हणून मागतो ते पाणी, आणि त्याबरोबर एका पानाचे नियम.

कोणते पाणी, याचा थोडा विचार केला आहे. कोयनेचा शिवसागर नको. १०५ टीएमसीचे ते पाणी, खाली वीजगृहे, भोवती सुरक्षेचे निर्बंध, काठावर अभयारण्य. त्याच्या काठी मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झाले म्हणून तिथे काहीही चालेल असे नाही. चांदोलीचेही तेच, तोही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. मला उरमोडी बरे वाटते. साताऱ्याहून जवळ, फार मोठे नाही, आणि वरच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणारा वारा खाली जलाशयावरही लाट उठवतो. परळीच्या बाजूला उंचवटे आहेत, त्यांवर अँटेना लावता येईल. बोटीवरचा अँटेना पाण्यापासून दोन मीटर उंच असेल तर तिचे रेडिओचे क्षितिज जेमतेम सहा किलोमीटर असते. काठावरचा अँटेना जेवढा वर न्याल तेवढा पल्ला वाढतो, आणि डोंगर मध्ये आला की सगळे खुंटते. दोन्ही गोष्टी एकाच जलाशयात शिकता येतील. वाहत्या पाण्यासाठी सांगलीकडे कृष्णेचा एक टप्पा हवा, दोन बंधाऱ्यांमधला, घाट आणि पाणी उपशाच्या विहिरी टाळून. तो कुठला हे पाटबंधारे खात्याच्या शाखा अभियंत्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल.

नियम साधे असावेत. फक्त बॅटरीवर चालणाऱ्या बोटी, पेट्रोल-डिझेल नाही, कारण हे पाणी लोक पितात. शस्त्र नाही, शस्त्राची प्रतिकृतीही नाही. तो विषय डीआरडीओचा आणि नौदलाचा. पोरांना बंदुकीची हौस असते. तिच्या नादात ती पंखा आणि बॅटरी विसरतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रत्येक चाचणीला मागे माणसाची एक होडी आणि बोटीची वीज तोडणारे वेगळे, स्वतंत्र बटण. बोट जो चालवतो त्याचे नाव वहीत, आणि जबाबदारी त्याची. आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पाचवा नियम म्हणतो, प्रत्येक जहाजावर डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी हवी. कॅमेरा आणि मायक्रोफोन म्हणजे डोळे-कान का, यावर जगभर वाद चालू आहे आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना नवी संहिता घडवते आहे. आपल्याला तो वाद उरमोडीवर मिटवायचा नाही. काठावर दुर्बीण घेतलेला एक माणूस उभा केला की पुरते.

यातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा मच्छीमार संस्थेचा. त्या पाण्यावर त्यांचे पोट आहे, आणि त्यांतले कित्येक जण त्याच धरणात जमीन गेलेले. त्यांना आधी बोलवा, मग आम्हाला. चाचणीचे दिवस त्यांच्या सोयीने ठरवा, मागची होडी त्यांचीच भाड्याने घ्या, जाळे फाटले तर भरपाई त्याच दिवशी. शिवाय जाळे कुठे असते, वारा कधी फिरतो, पाणी कधी खवळते हे त्यांच्याकडून शिकले नाही तर पोरे पुन्हा तंगूसच गोळा करत बसतील.

आता 'बोट नको' का, ते सांगतो. बोट विकत घेणे सोपे असते. निविदा, फोटो, फीत, बातमी. पण मानवरहित बोटीत किमतीचा भाग बोट नसतो. चालवणारा, दुरुस्त करणारा आणि दर महिन्याला पाण्यात उतरवणारा माणूस असतो. लिथियम बॅटरी रिकामी करून गोदामात ठेवली की काही महिन्यांत ती कायमची मरते. भरून उन्हात ठेवली तरी तिचे आयुष्य घटते. सील सुकतात, कनेक्टरवर हिरवट थर चढतो, सॉफ्टवेअर जुने होते आणि ज्याला पासवर्ड माहीत होता त्याची बदली होते. माणसाने चालवायच्या साध्या रबरी बोटीसुद्धा गोदामात घडी पडून फाटलेल्या आपण पाहतो. मार्चअखेर निधी उरला म्हणून यात हात घालू नये, ही हात जोडून विनंती.

विकत घेण्यापेक्षा इथे बनवायची ताकद आपल्याकडे आहे, ती कुठे दडली आहे तेही बघा. पंख्यात तंगूस अडकण्यावर समुद्रातला एक उपाय म्हणजे वॉटरजेट: उघडा पंखा नाही, बुडाखालून पाणी आत ओढायचे आणि मागून जोराने फेकायचे. हा झाला पंपच. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत गेली शंभर वर्षे पंप बनतात. इंपेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाच्या पात्यांचा, कोन किती, पोकळ बुडबुड्यांनी त्याची कड कशी खाल्ली जाते, कचरा अडवणारी जाळी किती बारीक ठेवली तर पाणीच तुटते, हे ज्यांनी आयुष्यभर हाताळले असे फिटर आणि मोल्डर त्या पंचक्रोशीत निवृत्त होऊन बसले आहेत. साताऱ्यात कूपरांची इंजिनांची परंपरा आहे, कराड-सांगली-मिरजेकडे फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. सांगलीचे वालचंद आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन जुनी कॉलेजे आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेत नव्या उद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत, काही गटांत त्याहूनही जास्त, अनुदान मिळते. त्यासाठी नौदलाने दिलेल्या प्रश्नाचे चालते उत्तर पाण्यावर दाखवावे लागते. आमच्याकडचा पोरगा तिथे शेततळ्याचा व्हिडिओ दाखवतो.

गोड्या पाण्यातली चाचणी म्हणजे समुद्राची नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. समुद्राचे पाणी अडीच टक्के जड, बोट तिथे थोडी वर तरंगते. खारे पाणी तांबे आणि ॲल्युमिनियम कसे खाते, ते धरणात कळणार नाही. लांब समुद्री लाट इथे नाही. पण दुवा तुटणे, चुकीचे घरी परतणे, कॅमेऱ्याची चकाकी, पंख्याचा गुंता, बॅटरीचा खरा हिशेब ही आजारपणे इथेच काढून टाकता येतात. मग कुंभार्ली घाट उतरून समुद्राकडे जावे.

पुराचे एक सांगायचे राहिले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ असताना. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी भरलेली बोट उलटली. काहिलीतून, म्हणजे गूळ उकळायच्या मोठ्या कढईतून, पुरातली माणसे काढायची सवय असलेल्या या मुलखाला ते अजून पचलेले नाही. मानवरहित बोट माणसे वाहून आणील असे मी म्हणणार नाही. गढूळ, झाडे वाहून आणणाऱ्या पाण्यात तिच्यावर कुटुंब बसवायला मी तयार होणार नाही. पण पहिला दोर पलीकडे न्यायला, लाइफ जॅकेटचा गठ्ठा छतापर्यंत पोहोचवायला, बोट घालण्याआधी प्रवाह आणि खोली मोजायला ती उपयोगी पडेल. बंदराच्या गस्तीसाठी जी बोट रात्रभर एका जागी तरंगत राहायला शिकते, तिला पुरात ही तीन कामे शिकवणे फार लांबचे नाही. ज्या जिल्ह्याने तिला पाणी दिले, त्याला हा फायदा आधी मिळावा.

ऑक्टोबरमध्ये धरणे भरलेली असतात, पाऊस थांबलेला असतो आणि कॉलेजांत शेवटच्या वर्षाचे प्रकल्प नुकते ठरलेले असतात. त्याच्या आधी एक बैठक लावा. पाटबंधारे, पोलीस, मत्स्य विभाग, मच्छीमार संस्था आणि दोन्ही कॉलेजांचे प्राध्यापक एकाच टेबलावर बसले, तर परवाना कोणाच्या नावाने काढायचा हे तासाभरात ठरेल. मी उरमोडीचा नकाशा घेऊन येतो. कोणता कोपरा, अँटेना कुठे, मागची होडी कुठून निघेल ते पेन्सिलने आखलेले आहे, खोडून बदलता येईल. बैठकीची सूचना व्हॉट्सॲपवर आली तरी चालेल. फक्त चार दिवस आधी कळवा, शेतावर मागे माणूस ठेवून निघावे लागते.

आपला,
नौदलातून निवृत्त झालेला एक आर्टिफिसर
ता. कराड, जि. सातारा